कानाने निवडलेली गाडी

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लग्नात मेहुण्याने थट्टेने दिलेलं हे नाव त्याला असं चिकटलं की खरं नाव दुकानाच्या पाटीपुरतंच उरलं. ऐकू कमी येणाऱ्यांचे कान तपासायचे आणि त्यांना मशीन बसवून द्यायचं, हा त्याचा धंदा. ‘तानसेन नसाल, पण कानसेन नक्की आहात,’ असं मेहुणा म्हणाला होता. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मेहुण्यालाच ठाऊक. कानसेनाने मात्र ते सगळंच्या सगळं कौतुक म्हणून खिशात घातलं आणि साठीला टेकेपर्यंत जपून वापरलं.

दुकान अरुंद आहे. पुढे टेबलामागे बायको बसते, तिच्यासमोर दोन खुर्च्या. मागच्या बाजूला तपासणीची खोली, म्हणजे खोली कसली, जाड दाराचं कपाटच. आत भिंतींना स्पंज, एक स्टूल, कानाला लावायचे हेडफोन आणि हातात धरायचं एक बटण. गिऱ्हाईक आत बसतं, कानसेन काचेपलीकडून बारीक-जाड आवाज सोडतो, आवाज आला की गिऱ्हाइकाने बटण दाबायचं. दार लावण्याआधी तो प्रत्येकाला एकच सूचना देतो: “अंदाज करायचा नाही. आला तरच दाबायचं.”

इतक्या वर्षांत त्याच्या लक्षात आलं होतं की माणसं वेगवेगळी असली तरी आत शिरताना बोलतात सगळी तेच. “मला ऐकू येतं हो. हल्ली लोकच पुटपुटतात.” यावर कानसेन मान हलवायचा आणि म्हणायचा, “सगळेच असं म्हणतात.” मग मशीन कानात बसलं की दुसऱ्याच दिवशी तीच माणसं तक्रार घेऊन हजर. भांडी फार वाजतात, कागद फार कुरकुरतो, सुनेचा आवाज फार येतो. काढून ठेवलं तर चालेल का? कानसेनाचं उत्तर ठरलेलं. “काढायचं नाही. सवय होते.”

गावाचा त्याच्या कानांवर विश्वास होता आणि त्या विश्वासावरच दुकान चालत होतं. ज्याचे स्वतःचे कान पक्के, त्याच्याकडेच आपले कान द्यावेत, हा साधा हिशेब. त्यामुळे स्वतःच्या कानांबद्दल कुणी एक शब्द काढलेला कानसेनाला खपत नसे. टीव्हीचा आवाज त्याने वाढवला तर दोष टीव्हीचा. नातवंडांचं बोलणं कळलं नाही तर दोष आजकालच्या शाळांचा. बायको पलीकडच्या खोलीतून काही म्हणाली आणि त्याने भलतंच उत्तर दिलं, तर दोष भिंतीचा. त्याच्या आयुष्यात सगळं काही पुटपुटत होतं आणि तो सगळ्यांना समजून घेत होता.

तर अशा या माणसाने जुनी गाडी विकत घ्यायचं ठरवलं. आता ही सगळी हकीकत तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो, आणि स्वतःची फजिती सांगताना त्याला भलताच चेव येतो.

गाडी हवी होती ती घरोघरी जाण्यासाठी. दुकानापर्यंत येऊ न शकणारी म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांच्याकडे तपासणीची पेटी घेऊन जावं लागे, आणि त्याची पहिली गाडी आता उतारावरसुद्धा ढकलावी लागत होती. नवीन घेण्याची गरज नव्हती. बसायला उंच, वळवायला लहान, पेट्रोल कमी पिणारी अशी वापरलेली गाडी पुरे होती. मेहुणा अशा बाबतीत सगळं वाचून ठेवणारा. त्याने फोनवर तासभर शिकवणी घेतली.

“माइल्ड हायब्रिड घ्या, काही हरकत नाही,” मेहुणा म्हणाला. “पण ती म्हणजे विजेवर चालणारी गाडी नाही, हे डोक्यात ठेवा. इंजिन पेट्रोलचंच. त्याच्या बाजूला एक यंत्र असतं, ते बॅटरीही भरतं आणि इंजिनाला हातभारही लावतं. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद, क्लच दाबला की पुन्हा चालू.”

“कळलं.”

“कळलं नाही. जुनी घेताना बॅटरी बघायची आणि पट्टा बघायचा. ते यंत्र इंजिनाला पट्ट्याने जोडलेलं असतं. पट्टा झिजला की तो घसरतो, घसरला की ओरडतो, आणि बॅटरी उपाशी राहते. मग सगळी नाटकं सुरू. चांगला मेकॅनिक घेऊन जा.”

“मेकॅनिक कशाला? मी ऐकीन ना,” कानसेन म्हणाला.

आणि तो ऐकायला गेला. बरोबर बायको होती. जुन्या गाड्या विकणाऱ्याने राखाडी रंगाची एक गाडी अंगणात काढून ठेवली होती. सकाळची वेळ, हवेत गारठा, गाडी रात्रभर उघड्यावर उभी. विकणाऱ्याने किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून अशी किंकाळी उठली की कुंपणावरच्या चिमण्या उडाल्या. बायकोने दोन्ही कानांवर हात ठेवले.

कानसेन मात्र बॉनेटशी वाकून, डोळे मिटून, मान कलती करून उभा होता. वैद्य नाडी बघतो तसा. इंजिनाची घरघर त्याला स्वच्छ ऐकू येत होती. त्यातला एक ठोकाही चुकत नव्हता. बराच वेळ ऐकून त्याने डोळे उघडले आणि निकाल दिला, “सुरात आहे.”

विकणारा त्याच्याकडे बघतच राहिला. हे पुढे त्यानेच हसत हसत सांगितलं. पट्टा ओरडतोय हे त्याला माहीत होतं. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं तर पट्टा फुकट बदलून द्यायचा, त्यावरही ऐकलं नाही तर किंमत उतरवायची, अशी त्याची तयारी होती. तोंडातले शब्द त्याने गिळले. सुरात आहे म्हणणाऱ्या माणसाला ती बेसूर आहे हे पटवण्याइतका तो काही संत नव्हता.

“अहो, पण ती किंचाळली ना आत्ता,” बायको म्हणाली.

“कोण?”

“गाडी.”

“ते बाजूच्या कारखान्यातलं असेल काहीतरी. गाड्या ऐकायला सराव लागतो.”

बाजूला कारखाना नव्हता. बाजूला फुलांच्या रोपांची बाग होती. बायकोने त्या बागेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. गाडी घरी आली.

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. सिग्नलला इंजिन बंद पडलं की बायको दार उघडून ढकलायला उतरू बघे आणि कानसेन तिला विज्ञान समजावून सांगे. सकाळी गाडी चालू केली की रस्त्यावरची माणसं वळून बघत. समोरच्या घरातल्या वहिनी खिडकी लावून घेत. कोपऱ्यावरचं कुत्रं शेपूट पायात घालून पळे. कानसेनाला वाटे, गाडीचा थाटच तसा आहे. तो हात हलवून रस्त्यावरच्यांना अभिवादनसुद्धा करायचा.

त्याच्या कानांचा गाडीवर पहारा होता, हे मात्र खरं. मागच्या डाव्या चाकाकडून एक ‘धुप’ असा आवाज यायचा. कुणाला कळणार नाही असा. त्याने पकडला. मेकॅनिकने चाक उघडून बघितलं तेव्हा खरंच एक रबर फाटलेलं निघालं. मग एकदा वळणावर सीटखाली काहीतरी गडगडलं. दुसऱ्यांदा गडगडलं तेव्हा त्याने गाडी पुन्हा मेकॅनिककडे नेली, “खालची चौकट ढिली झालीय” म्हणून सांगितलं, आणि मेकॅनिकने सीटखालून बायकोचा हरवलेला चहाचा थर्मास काढून दिला.

“चौकट सापडली काका,” मेकॅनिक म्हणाला. “अर्धी भरलेली आहे.”

थर्मासचं सोडा, रबर तर त्याने कानाने पकडलं होतं. रबर पकडणारे कान चुकतील कसे? हा मुद्दा तो घरात, दुकानात आणि फोनवर मेहुण्याला ऐकवत राहिला.

मग एक दिवस सिग्नलला इंजिन बंद पडेनासं झालं. कानसेनाला उलट बरं वाटलं. त्याच्या मते गाडीला आता समज आली होती. पण पुढे काही दिवसांनी समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला, मग पडदाच मधूनमधून काळा व्हायला लागला, आणि एका सकाळी गाडीने चालू व्हायला साफ नकार दिला. मेकॅनिक स्वतः घरी आला. बॅटरी संपली होती. दुपारच्या उन्हात त्याने नवी टाकली. तीही महिनाभरात मान टाकायला लागली.

मेकॅनिक आपल्या गॅरेजमध्ये डोकं खाजवत उभा राहिला. त्याचे वडील कानसेनाचं मशीन लावत, म्हणून तो कानसेनाला मान देऊन होता.

“काका, बॅटरी भरली जात नाहीये. एक सांगा, सकाळी गाडी गार असताना चालू केली की पट्टा ओरडतो का? बारीक, चिरका आवाज?”

“नाही.”

“थोडासुद्धा नाही? कारण इथे येईपर्यंत गाडी तापते, मग तो आवाज मला मिळणार नाही. तुम्हालाच मिळणार.”

“अरे, मी कानांचा माणूस आहे,” कानसेन म्हणाला. “ओरडला असता तर मी तुला कुठला दात ओरडतोय तेही सांगितलं असतं.”

हे तो अशा काही ठामपणाने म्हणाला की मेकॅनिकने पट्ट्याकडे बघायचंही सोडून दिलं. रोगाने स्वतः येऊन आपलं नाव सांगावं आणि डॉक्टरने त्याला बाहेर बसवावं, तसा प्रकार. मेकॅनिकने वायरी तपासल्या, फ्यूज तपासले, गाडी संगणकाला जोडली, तिला नवीन सॉफ्टवेअर पाजलं. एकेका दुखण्याला गाडी त्याच्या बंद गॅरेजच्या उबेत दोन-दोन दिवस मुक्काम करू लागली. कानसेन तपासणीची पेटी मांडीवर घेऊन बसमधून फिरू लागला आणि मेहुणा फोनवर, “मी म्हटलं होतं,” एवढंच म्हणू लागला.

बायकोने एव्हाना आणखी दोनदा सांगून पाहिलं होतं.

“अहो, रोज सकाळी किंचाळते ती.”

“अगं, ते पाण्याचे पंप. थंडीत किंचाळतात.”

“पंप गाडीत कशाला असेल?”

“तुला दिशा कळत नाही आवाजाची. दोष तुझा नाही, बहुतेकांना कळत नाही.”

यावर तिने तो विषय सोडून दिला. आणि त्या सोडण्यात राग फार नव्हता, भीती होती. कारण गाडी ओरडते हे तिसऱ्यांदा सांगायचं म्हणजे दुसरंच काहीतरी सांगायचं, हे तिला कळून चुकलं होतं, आणि ते सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. या माणसाकडे कान सोडून मिरवण्यासारखं काय होतं? उंची बेताची, केस गेलेले, गळा असा की अंगाई म्हटली तरी मूल जागं व्हावं.

गाडीची किंकाळी जी काही लपून राहिली होती, ती फुटली वृद्धाश्रमाच्या अंगणात.

बायकोची मावशी तिथे राहत असे. मावशी म्हणजे निवृत्त शाळामास्तरीण. तिच्या हाताखालून निम्मं गाव गेलेलं, आणि उरलेलं निम्मं आपण सुटलो म्हणून देवाचे आभार मानणारं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या मशीनची तपासणी कानसेन दर वर्षी करून देई. त्या दिवशी सकाळपासून तो आणि बायको ओट्यावर मांडामांड करून बसले होते. ढगाळ, दमट, गार हवा. एकेक जण येत होता, कानसेन मशीन साफ करून, नव्याने जुळवून देत होता. दुपारपर्यंत सगळे खुर्च्यांवर रांगेने बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येण्याचा आनंद घेत होते. बरेच दिवस ऐकू न आल्यामुळे टिकलेल्या दोन मैत्र्या त्यात तुटल्याही.

तेवढ्यात भाजीची व्हॅन फाटकाशी आली आणि वाटेत उभी असलेली गाडी बाजूला घ्या म्हणून निरोप आला. कानसेन उठला, गाडीत बसला, चालू केली.

ओट्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात एकदम कानांवर गेले.

कानसेनाने गाडीतून ते पाहिलं आणि तो हबकला. सगळ्यांचीच मशीनं एका वेळी शिट्टी मारायला लागली की काय? मशीन कानात नीट बसलं नाही की ते शिट्टी घालतं, हा त्याच्या धंद्यातला रोजचा अनुभव. पण एकजात सगळी? त्याने गाडी आहे तशी चालू ठेवली आणि धावत ओट्यावर आला.

“शांत राहा. मी जुळवताना काहीतरी चुकलंय. बारीक आवाज जास्त वाढलेत.” त्याने मावशीचं मशीन हातात घेतलं आणि बारीक आवाज उतरवायला लागला.

“मशीनला काय झालंय?” मावशी म्हणाली. “मशीन उत्तम आहे. तुझी गाडी रडतेय.”

“मावशी, गाडी ठणठणीत आहे. शिट्टी मशीनची आहे.”

मावशीने आयुष्यभर शास्त्र शिकवलेलं. तिने मशीन त्याच्या हातातून घेतलं आणि कानात घातलं. “आता ओरडतेय.” मग काढलं. “आता नाही.” परत घातलं. “ओरडतेय. आता तू जा आणि गाडी बंद कर.”

कानसेन गेला आणि गाडी बंद केली.

“थांबलं,” मावशी म्हणाली. “लाव.”

त्याने लावली. ओट्यावर हात पुन्हा कानांवर गेले. रांगेतल्या एका आजोबांनी तर मशीन काढून खिशातच टाकलं.

“आता सांग, कुणाची शिट्टी?”

कानसेन हसला. मावशीसमोर हार मानताना हसायचं असतं म्हणून हसला. आणि मग ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. गाडी चालू होती. तिच्यापासून तो चार हातांवर उभा होता. त्याला इंजिनाची घरघर ऐकू येत होती, भाजीच्या व्हॅनची धडधड ऐकू येत होती, मागे कुणाच्या तरी काठीचा टोला ऐकू येत होता. ज्या आवाजाने ठार बहिरी म्हणून नोंदलेली माणसं तोंड वाकडं करत होती, तो आवाज मात्र त्याच्यापुरता जगात नव्हता. दोन्ही कान त्याचेच होते, आणि दोन्ही उघडे होते.

त्याने बायकोकडे पाहिलं. “तुला येतोय?”

“येतोय.”

“कधीपासून?”

“घेतली त्या दिवसापासून,” ती म्हणाली, आणि तिने मशीनचे डबे पेटीत भरायला घेतले, कारण त्याच्याकडे बघणं तिला जमेना.

परतताना दोघं सरळ मेकॅनिककडे गेले. रस्ताभर कानसेनाने खिडकी उघडी ठेवली होती आणि गार वाऱ्यात कान टवकारून बसला होता. काही नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडून विजेरीचा झोत टाकला आणि पट्टा बोटाने दाबला. आतल्या बाजूने तो आरशासारखा गुळगुळीत झाला होता आणि कडेला चिरा पडल्या होत्या.

“काका, मी विचारलं होतं तुम्हाला.”

“मी नाही म्हणालो.”

“तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी सगळी वायरिंग उसवली गाडीची.” मग त्याच्या लक्षात काहीतरी आलं असावं. कारण तो घाईने म्हणाला, “तसं सगळ्यांनाच ऐकू येतं असं नाही. चूक माझी पण आहे, डोळ्यांनी बघायला हवा होता. हा पट्टा या गाडीचा वेगळा असतो, मागवावा लागेल. आठवडाभरात येईल. तोवर फार फिरवू नका. तुटला तर बॅटरी भरणं बंद, आणि मग जिथे असाल तिथे बसा.”

तो आठवडा कानसेनाने फार वाईट काढला. गाडीची त्याला काही काळजी नव्हती. पण दुकान? ज्याला किंकाळी ऐकू येत नाही, तो लोकांच्या कानांत बारीक आवाज कसे भरणार? किती जणांची मशीनं आपण बहिऱ्या कानाने जुळवली? कुणी गिऱ्हाईक “लोकच पुटपुटतात” म्हणालं की “सगळेच असं म्हणतात” हे त्याच्या ओठावर येई आणि तिथेच थांबे, कारण त्या सगळ्यांत आपण किती वर्षं बसलो होतो हे त्याला आठवे. तपासणीच्या खोलीकडे तो पाठ करून बसू लागला. बायको काही म्हणाली की त्याला काम निघे. स्वतःच्या कानातला मळ साफ करून पाहिला, कानात तेल घालून पाहिलं, सर्दी झालीय अशी स्वतःची समजूतही घालून पाहिली. लोकांना ज्या सबबी सांगू नका म्हणून तो आयुष्यभर बजावत आला, त्या सगळ्या त्याने ओळीने वापरल्या.

शेवटी एका दुपारी बायको उठली, दुकानाचं दार आतून लावलं, ‘बंद आहे’ची पाटी फिरवली आणि तपासणीच्या खोलीचं जाड दार उघडून धरलं.

“बसा आत.”

“अगं, मला माहीत आहे काय निघणार ते.”

“सगळेच असं म्हणतात,” ती म्हणाली.

तो आत बसला. दार बंद झालं. ती शांतता त्याने हजारोंना दिली होती, स्वतः कधी घेतली नव्हती. हातातलं बटण गिऱ्हाइकांच्या बोटांनी झिजलेलं होतं. काचेपलीकडे बायको यंत्रावर वाकली आणि त्याने डोळे मिटले. पहिले जाड आवाज आले, त्याने झटपट बटण दाबलं. मग मधले आले. मग थोडं थांबायला लागलं. मग काहीच येईना. पण यंत्र कुठल्या क्रमाने, किती वेळाने आवाज सोडतं हे त्याला तोंडपाठ होतं. आता बारीक असेल, त्याने दाबलं. आता त्याहून बारीक, दाबलं. आता कमी केला असेल, हलकेच दाबलं. बरं चाललंय की, त्याला वाटलं.

दार उघडलं. बायको दारात उभी होती.

“मघापासून मी काहीच वाजवलेलं नाही,” ती म्हणाली. “मी तुमच्यासाठी पाण्याचा पेला भरत होते.”

कानसेनाने बटणाकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. आधी लाजून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. बायकोने पेला त्याच्या हातात दिला. तो पाणी प्यायला, हेडफोन पुन्हा कानाला लावून म्हणाला, “घे परत. अंदाज करत नाही.”

तपासणीचा आलेख निघाला तेव्हा त्याने तो कुणा परक्याचा असल्यासारखा वाचला. जाड आवाजांपाशी रेघ सपाट, उत्तम. पुढे मात्र ती घसरत थेट तळाला गेलेली. असे आलेख त्याने शेकडो पाहिले होते, आणि प्रत्येकाला सांगितलं होतं की हे एका दिवसात होत नाही, पुष्कळ वर्षं चाललेलं असतं.

“दुकान बंद करायचं का मग?” त्याने विचारलं. या वेळी थट्टा नव्हती.

“का म्हणून? दातांच्या डॉक्टरचे दात पडत नाहीत?”

“अगं, पण मशीन शिट्टी मारतंय हेसुद्धा मला कळलं नसेल. लोकांच्या कानांत शिट्ट्या घालून पाठवले असतील मी.”

“नाही पाठवले.” ती आलेखाची घडी करत होती. “गिऱ्हाईक उठलं की मी म्हणत नव्हते, अहो, एकदा पुन्हा बसवून बघा? तुम्ही चिडायचात, मधे बोलते म्हणून. ते कशासाठी म्हणत होते मी?”

कानसेनाला आठवलं. गेली दोन-तीन वर्षं ती हे म्हणत होती. जवळजवळ रोज. आणि दर वेळी तो गिऱ्हाइकाकडे बघून डोळे मिचकावायचा, की बायकांना मधे बोलायची सवयच असते. त्याला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्याने तिचा हात धरला. लग्नानंतर त्याने तो दुकानात, उजेडात पहिल्यांदाच धरला असावा.

मशीन त्याच्याच कपाटातून काढलं. जुळवलं बायकोने, तो नुसता सूचना देत राहिला आणि तिने त्यातल्या निम्म्या ऐकल्या. आरशात त्याने कान उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला. गिऱ्हाइकांना तो सांगायचा की बाहेरून दिसतच नाही. दिसत होतं की.

पट्टा आल्याचा मेकॅनिकचा निरोप आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी न्यायची होती. अंगणात गारठा होता. बायको शेजारच्या सीटवर बसली, तिने सीटचा पट्टा लावला, पदर सारखा केला. कानसेनाने आत बसताना दाराचा आवाज ऐकला, बायकोच्या बांगड्यांचा ऐकला, स्वतःच्या कोटाच्या बाहीचा ऐकला. सगळं जरा जास्तच नवं होतं. मग त्याने किल्ली फिरवली.

जी काही किंकाळी उठली, ती त्याच्या डोक्यातून आरपार गेली. डुकराच्या पिल्लाला कुणी शेपटीला धरून उचलावं, आणि खाली ठेवायला विसरावं. समोरच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. कुत्रं पळालं. इतके महिने ज्यांना तो हात हलवून अभिवादन करत होता, त्यांचे चेहरे त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिले.

“हे असं?” तो ओरडला. “रोज?”

“रोज,” बायको म्हणाली.

“आणि तू रोज बसायचीस शेजारी?”

“मग कुठे बसणार?”

आवाज काही थांबेना. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला आणि मशीन उपटायला बोटं वळली. तेवढ्यात बायकोने त्याचं मनगट धरलं. घट्ट नाही, गिऱ्हाइकाला धरतात तेवढंच.

“काढायचं नाही,” ती म्हणाली. “सवय होते.”

त्याने हात खाली घेतला, आणि ओरडणारी गाडी गिअरमध्ये टाकून रस्त्यावर काढली.